टोपीवाल्याशेजारचा रिकामा चौकोन

मॅडम,

तुमच्या नावाआधी मी एक शब्द लिहिला, आणि त्या एका शब्दावरून आमच्या घरात जे भांडण पेटलं ते तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत विझलं नाही. शब्द होता 'पहिली'. 'बालाघाट परिसरातील आपल्या समाजाची पहिली शिक्षिका, कालकथित कुसुम मॅडम.' कार्यक्रमात वाटायचं पत्रक मीच लिहिणार, हे मला कोणी विचारलंही नाही. आमच्या वार्डात लग्नपत्रिका सोडली तर छापायचं जे काही असतं ते आमच्या घरी लिहिलं जातं. आधी बाबा लिहायचे, आता मी लिहिते. मी एका बैठकीत पान भरलं, पेनाला टोपण लावलं, आणि तेवढ्यात तुम्ही बोललात. यात चमत्कार काही नाही. इतकी वर्षं कानाशी असलेला आवाज माणूस गेला म्हणून लगेच थांबत नाही.

"पहिली म्हणतं तू. तुले कसं मालूम?"

मी टोपण पुन्हा काढलं.

हा प्रश्न तुम्ही मला विचारायला सुरुवात केलीत तेव्हा मी आठवीत होते आणि तुमचा मनापासून राग करत होते. आपल्या त्या हिंदी शाळेत सामाजिक विज्ञानाच्या तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, 'विश्व के महान खोजकर्ता'. प्रत्येकाने एक निवडायचा, त्याची माहिती शोधायची, चार्ट करायचा. बस स्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात त्या नावाचा छापील तक्ताच मिळायचा. तिकिटाएवढी चित्रं ओळीने, आणि पाठीमागे प्रत्येकाबद्दल दोन-तीन ओळी. अख्ख्या वर्गाने तोच तक्ता आणला. शोध म्हणजे कात्री आणि डिंक, अशी आमची समजूत होती.

तुम्ही पाठीमागच्या ओळी वाचूच दिल्या नाहीत. चित्रं टेबलावर मांडलीत आणि आम्हालाच नावं ठेवायला लावलीत. टोपीवाला, दाढीवाला, दुर्बीणवाला, आणि ज्याच्या मागे नुसतंच पांढरं होतं तो बर्फवाला. "छापलेलं नाव मंग पाहू," तुम्ही म्हणालात. "आधी हा माणूस घरून काहून निघाला ते सांगा."

काहून निघाला. पुस्तकातल्या माणसाबद्दल हे असं विचारता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

माझ्या वाट्याला टोपीवाला आला. आफ्रिकेला वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला तो पोर्तुगीज खलाशी. मला तर आनंदच झाला, कारण त्याच्याविषयी काय लिहायचं ते माझं आधीच ठरलेलं होतं. आमच्या घरातल्या फळ्यांवर, पेट्यांत, पिठाच्या डब्याखाली बाबांची जुनी पत्रकं अंथरलेली असायची. मी अक्षरं त्यांच्यावरूनच जुळवायला शिकले. त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं की कुठलंही लिखाण 'बंधू-भगिनींनो' ने सुरू होतं आणि 'जाहीर निषेध' ने संपतं. टोपीवाल्याचंही मी तेच केलं. तो लुटारू आहे, त्याने आपल्या देशाचा शोध लावला म्हणणं हा आपला अपमान आहे, आम्ही इथे आधीपासून होतो, जाहीर निषेध.

तुम्ही उभ्यानेच वाचलंत. चष्मा कपाळावर सरकवलात.

"निषेध झाला. बरा झाला. आता सांग, याले वाट कोणी सांगितली?"

"कोणी म्हणजे? तोच आला, मॅडम. जहाज होतं त्याच्याकडे."

"तुझ्या मामाकडे बैलबंडी आहे न? म्हणून लालबर्राचा रस्ता बैलाले आपोआप मालूम होते काय?"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही दोन पोरींना पुढे बोलावलंत. एक टोपीवाला झाली, दुसरी किनाऱ्यावरची बाई. टोपीवाल्याला बालाघाटच्या बस स्टँडवरून लालबर्राला जायचं होतं, पण दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती असं धरायचं, म्हणून सगळं हातवाऱ्यांनी. पहिलीने पोटावर हात ठेवला, दूर बोट दाखवलं, डोळ्यांवर हात धरला. दुसरीने जरा विचार केला आणि ठाम हाताने तिला सिवनी रोडच्या बरोब्बर उलट दिशेला धाडलं.

"अवं, तिकडे तं गोंदिया लागन," कोणीतरी ओरडलं.

"मले तिचा चेहरा नाही आवडला," ती पोरगी म्हणाली.

तुम्ही इतक्या खूश झालात की टाळी वाजवलीत. "हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं पाहा. चुकीची वाट सांगणारेही असतीन. कोणी भिऊन सांगितली असंल, कोणी मुद्दाम. त्याईचं कोणी काही लिहिलं काय?" मी लगेच हात वर करून म्हणाले की मग खरे थोर लोक तेच. तुम्ही म्हणालात, "असू शकते. नाव आण एखादं."

नाव आण. कागद आण. दुसऱ्या पुस्तकात पाहून ये. तुमच्या वर्गात रागाला तिकीट लागायचं.

शाळेच्या पुस्तकांचं कपाट तुम्ही माझ्यासाठी उघडवून घेतलंत, कारण त्याची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असायची आणि ते जेवायला घरी जायचे. तिथे मला तो सापडला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टोपीवाल्याला एक वाटाड्या मिळाला होता. वारा कधी कुठून वाहतो हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानेच ती जहाजं मोठा समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला आणली. एका पुस्तकात तो गुजराती होता. दुसऱ्यात अरब. तिसऱ्यात नुसताच 'एक वाटाड्या'. चित्र कशातच नव्हतं.

मॅडम, तुमच्याशी मी कितीही भांडले असेन, पण ते दिवस मी विसरणार नाही. जेवताना, भांडी घासताना, शाळेत येताना माझ्या डोक्यात तोच माणूस. आपण कोणाला घेऊन चाललो आहोत हे त्याला कळलं होतं का? त्या जहाजावर तो काय खायचा? कोणाशी बोलायचा? पोचल्यावर त्याला परत घरी सोडलं की नाही? पुढे जे झालं ते त्याच्या कानावर गेलं असेल, तेव्हा तो काय म्हणाला असेल? मी बाबांना विचारलं. बाबांनी पत्रकावरून मान वर केली आणि म्हणाले, "असे लोक इतिहासात लय आहेत, पोरी. वाट दाखवणारे अन् मंग विसरलेले." एवढ्याने माझं समाधान झालं नाही. बाबांच्या उत्तराने समाधान न होण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि मग मी तो किसान चिकटवला.

तुम्ही ही गोष्ट मी कॉलेजात गेले तरी सांगायचात, म्हणून आज मी सांगते आणि माझ्या बाजूने सांगते. टोपीवाल्याचा चेहरा होता, टोपी होती, मिशी होती. वाटाड्याचं काहीच नव्हतं. चेहरा नसलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून मी दुकानातून दुसरा तक्ता आणला, 'हमारे सहायक'. त्यात पोस्टमन, शिपाई, दर्जी, किसान असे सगळे. त्यातला किसान मला योग्य वाटला. फेटा होता, रंग आपला होता, डोळे शहाणे होते. खांद्यावर नांगर होता तो मी कापून टाकला. पण मुठीत त्याचं टोक राहून गेलं.

"हे कोण?"

"वाट सांगणारा."

"हा तं किसान आहे, पत्रकवाली."

मी बोटाने त्याची मूठ झाकायला गेले.

"याच्या मुठीत नांगर आहे. समुद्र वखरायले गेलता काय?"

त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत मला पोरी 'समुद्र वखरणारी' म्हणायच्या. तुम्ही मला तो काढायला लावलात. डिंक पक्का होता. किसान निघाला, पण सोबत चार्टाचा वरचा कागदही घेऊन निघाला आणि मागे केसाळ पांढरा डाग राहिला. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. तुम्ही टेबलावरचा काळा दगड उचललात. तो तुमच्या टेबलावर कायम असायचा, कागद उडू नयेत म्हणून. त्या दगडाच्या कोपऱ्याने तुम्ही डागाभोवती चार रेघा ओढल्यात. जाड, मऊ, काळ्या रेघा. आणि खाली मला लिहायला लावलंत, 'मार्ग बताने वाला. नाम ज्ञात नहीं.'

"हे चालते," तुम्ही म्हणालात.

मला चालत नव्हतं. मी तेव्हाच बोलले आणि नंतर जन्मभर बोलत राहिले. तुमच्या त्या रिकाम्या चौकोनाचा फायदा कोणाला होतो? ज्यांच्याकडे चित्रकार होते, कारकून होते, त्यांचे चेहरे आहेत. आमच्या लोकांच्या वाट्याला चौकोन. तुम्ही तोही प्रामाणिकपणे रिकामा ठेवता. मग लोक टोपीवाल्याकडे बघतात आणि पुढे जातात. यावर तुमचं उत्तर एकच असायचं. "खोटा चेहरा चिकटवला की खऱ्याले शोधणं बंद होते. रिकामं राहिलं तं कोणी तरी विचारीन, इथं कोण होतं?"

"कोणीच नाही विचारत, मॅडम."

"तू तं विचारून राह्यली न."

तपासणीला साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी माझा चार्ट उतरवायला सांगितला होता, 'लुटेरा' हा शब्द त्यांना खुपला होता. तुम्ही उतरवला नाहीत. फक्त 'लुटेरा'च्या खाली बारीक अक्षरात 'छात्रा का मत' असं लिहिलंत. मी त्यावरही चिडले. मत काय, सत्य आहे ते. तुम्ही म्हणालात, "सत्य असंल तं मताच्या पाटीखालीही टिकन." साहेब आले, चौकोनासमोर थांबले, 'चित्र छूट गया क्या?' म्हणाले आणि चहा प्यायला गेले. पण चार्ट वर्षभर भिंतीवर राहिला. त्यासाठी तुम्ही काय ऐकून घेतलं असेल, हे मला नोकरी करायला लागल्यावर समजलं. तुम्हाला ते सांगायचं राहून गेलं.

पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि प्रत्येक पत्रक छापायच्या आधी तुमच्याकडे येऊ लागले. का यायचे मी? कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही पेन्सिल घ्यायचात. 'हजारो महिला रस्त्यावर' याच्या बाजूला 'कोणी मोजल्या?' 'सर्वांना ठाऊक आहे' याच्या बाजूला 'मले नाही.' 'इतिहास साक्षी आहे' याच्या बाजूला नुसती एक रेघ, जणू तेवढी शिक्षा पुरेशी होती. मी चिडून घरी जायचे, वाक्य बदलायचे, आणि बदललेलं वाक्य जास्त टोचायचं. भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या कॉलनीतल्या पाण्याचं पत्रक आठवतं? मी 'भयंकर अन्याय' लिहिलं होतं. तुम्ही मला बाटली घेऊन पाठवलंत. पत्रकात शेवटी एवढंच गेलं की नळाचं पाणी पांढऱ्या पेल्यात धरलं तर तळाला काय बसतं. त्या पत्रकाला लोक घाबरले.

'निषेध' शब्द मात्र मी सोडला नाही, आणि तुम्ही तो कधी खोडला नाहीत. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

आपली शेवटची भेट तुमच्या खोलीत झाली, नागपूरच्या दवाखान्यातून तुम्हाला परत आणल्यानंतर. तुम्ही इतक्या बारीक झाला होतात की चष्मा नाकावर राहत नव्हता. मी बोलायला धीराचं काहीतरी शोधत होते. तुम्हीच म्हणालात, "तुझा तो किसान कोठी आहे?"

"कपाटाच्या दाराला आतून लावला आहे."

"नांगरासकट?"

"हौ, नांगरासकट."

तुम्ही डोळे मिटून हसलात. आणि मी, जिने जगातल्या प्रत्येक टोपीवाल्याची वाट तपासली, ती तुमच्यासमोर बसून एक साधा प्रश्न न विचारता उठले. तुम्हाला वाट कोणी सांगितली? इतक्या वर्षांत, इतक्या वर्गांत, तुम्ही पोरांना जे विचारायला शिकवलंत, ते एकाही पोराने तुम्हाला विचारलं नाही. आम्हाला वाटायचं तुम्ही खुर्चीवरच जन्मलात.

म्हणून 'पहिली' या शब्दापाशी पेन अडलं.

बाबांनी पान वाचलं, खोडलेला शब्द पाहिला आणि भडकले. "काहून खोडलं?"

"माहीत नाही म्हणून. त्यांच्या आधी कोणी असेल तर?"

"आपल्या लोकाईले पहिलं म्हणवून घ्यायले किती पिढ्या लागल्या, मालूम आहे तुले? त्याईच्या टोपीवाल्याले सारी दुनिया पहिला म्हणते, तं कोणी पुरावा मांगत नाही. आपल्या मॅडमचाच काहून मांगतं तू?"

मॅडम, हा माझाच मुद्दा होता. आठवीपासूनचा, शब्दाशब्दाने माझा. आणि मी तुमच्या बाजूला उभी राहून तो ऐकत होते. मी चपला घातल्या आणि तुमच्या धाकट्या भावाकडे गेले.

मधुकरकाका अंगणात खुर्च्या मोजून घेत होते. मी विचारलं, तर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "ताईच पहिली. तिच्या आधी कोण जाईन शाळेत? आमच्या बाबाले तं सही येत नव्हती."

"मग मॅडमना शाळेत कोणी टाकलं?"

"मी तं पाळण्यात होतो, मले काय मालूम." मग एका खुर्चीवर टेकले. "बाबा सांगत. भरवेलीले ते नागपूरवाली बाई होती न, ते मांगं लागलती. ताई बाबाचा डबा घेऊन खदानीवर जाये, तं तिनं रस्त्यातच पकडली म्हणे."

"नाव काय त्या बाईचं?"

"नागपूरवाली बाई."

"ते नाव झालं का, काका?"

"सारे तेच म्हणत."

आणि तिथेच, त्या खुर्च्यांच्या गराड्यात, मला तो तास आठवला. तुम्ही फळ्याला पाठ लावून म्हणत होतात, "कोणीच एकटं नाही पोचत. मले पण एका बाईनं..." आणि अर्ध्या सुट्टीची घंटा झाली. आम्ही बोरं विकणाऱ्या म्हातारीकडे धावलो. सुट्टी संपून परत आलो तेव्हा फळ्यावर नवा धडा होता. ते वाक्य तुम्ही पुढे कधी पुरं केलं नाहीत, आणि आम्हीही मागितलं नाही.

तुमच्या घरातल्या कोणालाच त्या बाईचं नाव ठाऊक नव्हतं. ती नवऱ्याबरोबर खाणीच्या कॉलनीत राहायची, ओसरीवर पोरींना अक्षरं शिकवायची, पुढे कुठे गेली कोणास ठाऊक. म्हणजे कदाचित 'पहिली' तीच. कदाचित तिच्याही आधी कोणी. मी घरी आले आणि पत्रक पुन्हा लिहिलं. तुमचा फोटो, खाली 'कुसुम मॅडम, शिक्षिका'. शेजारी तेवढाच एक रिकामा चौकोन. त्याच्या खाली, 'वाट सांगणारी : भरवेलीची नागपूरवाली बाई. नाव आम्हाला माहीत नाही. कोणाला माहीत असल्यास सांगावं.'

एक कबूल करते, लिहिताना हात शिवशिवला. आपल्या आज्यांच्या वेळचं कुठलंही एक नाव टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? किती सुरेख दिसलं असतं ते पान. कपाटातला किसान माझ्याकडे बघत होता.

प्रेसवाल्याला वाटलं फोटो द्यायचा राहिला. "इथं दिवा टाकू काय? कमळ पण आहे, चांगलं दिसते."

"काही टाकू नका."

"रिकामं? लोक म्हणतीन, प्रेसवाल्यानं गलती केली."

"खाली लिहिलं आहे ना."

"खालचं कोण वाचते, ताई."

गठ्ठा घरी आणला. बाबांनी एक पत्रक काढलं आणि खुर्ची उजेडाकडे वळवून वाचलं. "यात निषेध नाही कोठीच," म्हणाले.

"नाही."

"हं." त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि वाटायला स्वतः गेले. भांडण संपलं असं समजू नका. नुसतं पुढे ढकललं आहे.

कार्यक्रम विहारात झाला. भाषणं झाली. तुम्ही ऐकली असतीत तर पेन्सिल मागितली असतीत. एका वक्त्याने तुम्हाला पहिली म्हटलंच. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे पाहिलं. मी मात्र लोकांचे हात बघत होते. प्रेसवाल्याचं खरं ठरतंय असं वाटत होतं. बरेच जण तुमच्या फोटोला नमस्कार करून पत्रक खिशात घालत होते. मग पांढऱ्या लुगड्यातल्या एका म्हातारीने पत्रक डोळ्यांजवळ धरलं, नातीला खालचं वाचून दाखवायला सांगितलं आणि चौकोनावर बोट ठेवलं. भरवेलीच्या पार्बताबाई. तुमच्या बरोबरीच्या.

"इचं नाव शेवंता."

"शेवंता काहून असंल?" शेजारची म्हणाली. "शेवंता तिची जाऊ. हे यमुना."

"तू तवा पैदा तरी झालती काय?"

"पैदा नसंल झाली, पण माय सांगे न माही."

मागून कोणीतरी शुक शुक केलं. कोणी वळून पाहिलं, कोणी पत्रक पुन्हा खिशातून काढलं. कुठे शेवंता, कुठे यमुना, तर एक आजोबा म्हणाले तिला मास्तरीणबाई म्हणत आणि ती नागपूरची नव्हतीच, भंडाऱ्याची होती. तुमच्या शोकसभेत चक्क वाद सुरू झाला, मॅडम, दबक्या आवाजात, पांढऱ्या कपड्यांत. आणि मी पुढे होऊन पार्बताबाईंना विचारलं, तुमच्याच सुरात, ठरवून नाही, तसंच निघालं तोंडातून.

"आजी, तुम्हाला कसं माहीत?"

पार्बताबाईंनी मला खालून वर पाहिलं. "तू कुसुमचीच पोरगी दिसतं," म्हणाल्या. "इथं नाही सांगत. मले आठवा लागते. घरी ये."

काल मी भरवेलीला गेले. खाणीच्या बाजूची ती जुनी घरं तुम्ही मला कधी दाखवली नाहीत, पाण्याच्या पत्रकाच्या वेळीही नाही. पार्बताबाईंनी हात धरून मला रांगेच्या टोकापर्यंत नेलं. तिथल्या ओसरीवर आता कोणाची तरी मोटरसायकल उभी असते. "इथं बसत होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "पाटी कोणाकडे होती? ते बाई भिंतीवर लिहायले लावे. बाप खदानीतून येत तं त्याईच्या खिशात, जोड्यात दगडाचे तुकडे राहत. त्याच्यानंच लिहू. काळं कुट्ट उठे. दिवाळीले चुना मारला की भिंत कोरी, अन् पुन्हा अ आ."

"मँगनीजच्या दगडाने?"

"तं मंग काय सोन्याच्या? कुसुमनं तं एक तुकडा नेलता संग, शाळेत नाव टाकलं तवा. मास्तर रागावला म्हणे, हात काळे घेऊन आली म्हणून."

मी ओसरीच्या कडेला बसले. टेबलावरचा काळा दगड, मॅडम. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. पेन्सिल हाताशी असताना तुम्ही माझ्या चौकोनाच्या रेघा त्या दगडाने ओढल्या होत्यात.

तो दगड तोच होता का? मला माहीत नाही. पार्बताबाईंनाही माहीत नाही. भरवेलीत असे दगड वाटेवर पडलेले असतात, कोणीही उचलावा. मला फार फार वाटतं की तो तोच होता. पण हे माझं मत आहे, आणि मत म्हणूनच इथे लिहिते. बाजूला तुम्ही काय लिहिलं असतंत ते ठाऊक आहे.

नावाचं अजून पक्कं नाही. पार्बताबाई शेवंतावर ठाम आहेत, पण त्यांचं म्हणणं की त्या बाईची पुतणी आपल्या बालाघाटकडच्या खैरलांजीला दिली आहे, तिला सगळं ठाऊक असेल. फोटोही असेल कदाचित. मी पायरी उतरले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "पार्बतानं वाट सांगितली म्हणून सांग. नाहीतं दार नाही उघडत ते, लय तिरसट आहे."

उद्या सकाळच्या बसने निघते आहे. तुमच्याशी माझं भांडण तिथेच आहे जिथे होतं. रिकामे चौकोन पुरेसे नाहीत, मॅडम, आपल्या लोकांना चेहरे हवेत, आणि मी ते आणणार आहे, खरे. त्या पुतणीने दारातून विचारलं की तुले कोणी धाडलं, तर मी पार्बताबाईंचं नाव सांगीन. पार्बताबाईंकडे कोणी धाडलं म्हणाली, तर तुमचं.

आणि तुमच्या आधी कोण, ते तर मी तिलाच विचारायला चालले आहे.